एआयचं चित्र फ्लेक्सवर जाण्याआधी: हात, चेहरा, नथ आणि पाट्या दुरुस्त करण्याची पद्धत

पाडवा जवळ आला की ठाण्यात शोभायात्रेची पोस्टरं, पथकांचे बॅनर, सोसायटीच्या ग्रुपवरची निमंत्रणं अशी कामं एकदम येऊन पडतात. हल्ली त्यातली बरीचशी चित्रं एआयकडून काढून घेतली जातात. मोबाइलवर चित्र झकास दिसतं. तेच सहा बाय चारच्या फ्लेक्सवर गेलं की ढोल वाजवणारीच्या हाताला सहा बोटं आहेत, नथ नाकातून निघून गालात शिरली आहे आणि मागच्या दुकानाच्या पाटीवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं आहेत, हे रिक्षातून जाणाऱ्यालाही दिसतं.

अशा वेळी बहुतेक जण पुन्हा 'जनरेट' दाबतात. नव्या चित्रात हात सुधारतो आणि चेहरा बिघडतो. तिसऱ्यात दोन्ही ठीक येतात, पण नऊवारीची सहावारी झालेली असते. असं तासन् तास चालतं. त्यापेक्षा मांडणी चांगली आलेलं एक चित्र निवडा आणि त्यातली बिघडलेली जागा तेवढी दुरुस्त करा. क्रम ठरलेला आहे: आधी मांडणी, मग शरीराची ठेवण आणि कपडे, मग हात-चेहरा, मग चित्र मोठं करणं आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पुढची पायरी मागचं काम पुसून टाकते.

खालचे आकडे स्टेबल डिफ्यूजन (थोडक्यात एसडी) या चित्रं काढणाऱ्या एआयच्या घराण्यातल्या मॉडेलांचे आहेत, म्हणजे एसडी १.५ आणि एसडीएक्सएल. ही मॉडेलं फोर्ज किंवा ऑटोमॅटिक ११११ यांसारख्या मोफत प्रोग्रॅममधून आपल्याच संगणकावर चालतात. एसडीएक्सएलसाठी ग्राफिक्स कार्डची मेमरी ८ जीबी असली की काम सुखाने होतं. एसडी १.५ ला ४ जीबीही पुरते.

दोष येतो कुठून

मॉडेल थेट पिक्सेलवर काम करत नाही. चित्र आधी प्रत्येक बाजूने आठपट लहान अशा रूपात घडतं आणि शेवटी व्हीएई नावाचा भाग ते उलगडून पूर्ण आकारात आणतो. म्हणजे १०२४ × १०२४ चं चित्र आतमध्ये १२८ × १२८ चौकटींचं असतं. मिरवणुकीत मागच्या रांगेतल्या बाईचा चेहरा ४० पिक्सेल रुंद असेल, तर आत त्याच्या वाट्याला जेमतेम ५ चौकटी येतात. त्यात दोन डोळे, नाक, नथ, कुंकू, ओठ बसवायचे. ते बसत नाहीत आणि चेहरा वितळल्यासारखा दिसतो. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या वर्णनात, 'सुंदर चेहरा' दहा वेळा लिहिलं तरी चौकटी पाचच राहतात. त्या जागेला जास्त चौकटी मिळवून देणं हाच त्यावर इलाज, आणि पुढची बरीचशी दुरुस्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

हाताचं दुखणं थोडं वेगळं आहे. चेहऱ्याला दोन डोळे आणि एक नाक ठरलेल्या जागी असतं. हात मात्र मिटलेला, उघडा, काहीतरी धरलेला, अर्धा झाकलेला अशा शेकडो रूपांत फोटोंत येतो आणि बोटं किती दिसतायत हे त्या फोटोंच्या वर्णनात कुणी लिहिलेलं नसतं. मॉडेल बोटं मोजत नाही. बोटाशेजारी बोट असतं एवढंच त्याने शिकलेलं असतं.

पहिलं चित्र काढताना

चित्राचा आकार मॉडेलच्या सवयीचा ठेवा. एसडी १.५ हे ५१२ × ५१२ वर शिकलेलं आहे. त्याला एकदम १०२४ उंचीचं चित्र मागितलं की दोन डोकी किंवा लांबच लांब धड येतं, कारण तेवढ्या जागेत ते दोन चित्रं एकावर एक रचू लागतं. एसडीएक्सएल १०२४ × १०२४ चं आहे. उभ्या पोस्टरला ८३२ × १२१६ आणि आडव्या बॅनरला १२१६ × ८३२ घ्या. मोठं नंतर करता येतं.

स्टेप्स, म्हणजे चित्र किती पायऱ्यांत घडवायचं तो आकडा, २५ ते ३०. चाळीसच्या पुढे वेळ जातो, चित्रात फरक पडत नाही. सॅम्पलर, म्हणजे त्या पायऱ्या चढण्याची पद्धत, डीपीएम++ २एम कारास. सीएफजी ५ ते ७. सीएफजी म्हणजे मॉडेलने तुमच्या शब्दांना किती घट्ट धरून राहायचं याचा आकडा. तो १२ वर नेला की भगवा रंग जळका होतो, कडा टोकदार होतात आणि उजेडाच्या जागा पांढऱ्याफटक पडतात. टर्बो किंवा लाइटनिंग असं नाव असलेलं मॉडेल वापरत असाल तर मात्र हे आकडे विसरा. त्यांना ४ ते ८ स्टेप्स आणि १ ते २ सीएफजी लागतो. तिथे ७ ठेवलं तर चित्र करपतं आणि माणूस उगाच प्रॉम्प्टला दोष देत बसतो.

प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहावा लागतो आणि साधा लिहावा. कोण, काय करतंय, कपडे, उजेड, जागा. महत्त्वाचं पहिल्या ७५ टोकनांत, म्हणजे साधारण पन्नास शब्दांत बसवा. 'आठ के', 'मास्टरपीस', 'अतितपशीलवार' असले शब्द ओतले की कातडी मेणाची होते. 'सकाळचं ऊन, साध्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो, नैसर्गिक त्वचा' यातून चेहरा जास्त खरा येतो. निगेटिव्ह प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे चित्रात काय नको ते लिहायच्या चौकटीत, 'वाईट हात, जास्तीची बोटं, विद्रूप' अशी लांबलचक यादी चिकटवण्याची पद्धत पसरली आहे. तिचा उपयोग फार थोडा. पाच-सहा शब्द पुरेत. फ्लक्ससारख्या वेगळ्या घराण्यातल्या मॉडेलांना नेहमीच्या सेटिंगमध्ये निगेटिव्ह प्रॉम्प्ट लागूच होत नाही.

आठ-दहा चित्रं काढा आणि मांडणी बघून एक निवडा. या टप्प्यावर हाताकडे बघू नका. उभं राहण्याची ढब, ढोलाचा कोन, उजेडाची दिशा आणि अक्षरांसाठी मोकळी जागा बघा. निवडलेल्या चित्राचा सीड (त्याच सेटिंगवर तेच चित्र पुन्हा काढून देणारा आकडा) लिहून ठेवा आणि फाइल पीएनजीमध्येच जतन करा. चित्र पूर्ण काळं आलं तर घाबरू नका. एसडीएक्सएलचं मूळ व्हीएई अर्ध्या अचूकतेवर, म्हणजे एफपी१६ वर, चालताना असं करतं. सुरू करतानाच्या आज्ञेत 'नो हाफ व्हीएई' हा पर्याय द्या किंवा एफपी१६ साठी दुरुस्त केलेलं व्हीएई लावा. एसडी १.५ मध्ये रंग धुतल्यासारखे फिके आले तर तिथेही आधी व्हीएईच तपासायचं.

तपासणी

चित्र शंभर टक्क्यांवर मोठं करून बघा आणि मग आडवं उलटवून पुन्हा बघा. उलटवल्यावर वाकडे डोळे आणि सरकलेला जबडा लगेच डोळ्यात भरतो. नजर या क्रमाने फिरवा: बोटं, मनगट, डोळ्यांच्या बाहुल्या, दोन्ही कानांतले दागिने सारखे आहेत का, मंगळसूत्र मानेमागे जातं की खांद्यावरच संपतं, ढोलाचा पट्टा कुठून येऊन कुठे जातो. दोन वस्तू एकमेकींना ओलांडतात तिथे हमखास चूक असते. त्यानंतर मागची गर्दी, पाट्या, गॅलऱ्यांचे गज. सापडलेलं सगळं कागदावर लिहून काढा, नाहीतर एखादी चूक छपाईनंतरच दिसते.

हात आणि चेहरा

इथे वेळ घालवा, कारण पोस्टर बघणारा आधी हेच बघतो. साधन एकच आहे, इनपेंटिंग: बिघडलेल्या जागेवर ब्रशने मास्क रंगवायचा आणि तेवढाच भाग नव्याने काढून घ्यायचा.

१. चित्र 'इनपेंट' टॅबमध्ये घ्या. हातावर मास्क रंगवताना बोटांच्या बाहेर थोडी मोकळी जागाही त्यात घ्या. बोटांच्या कडेला लागून मास्क काढला तर सहावं बोट मिटवायला जागाच उरत नाही.

२. 'इनपेंट एरिया'मध्ये 'ओन्ली मास्क्ड' निवडा. प्रोग्रॅम तेवढा तुकडा कापतो, मॉडेलच्या पूर्ण आकारात वाढवतो, त्यावर काम करतो आणि लहान करून जागेवर बसवतो. पाच चौकटींचा चेहरा कितीतरी जास्त चौकटींत काढला जातो तो असा. रुंदी-उंची एसडीएक्सएलला १०२४ × १०२४ आणि एसडी १.५ ला ५१२ × ५१२ द्या.

३. पॅडिंग, म्हणजे मास्कभोवती आणखी किती पिक्सेल मॉडेलला दाखवायचे तो आकडा, हाताला ६४ ते ९६, चेहऱ्याला ३२ पुरतं. हाताला जास्त का, तर मनगट आणि कोपराकडची बाजू दिसली नाही तर मॉडेल डाव्या हाताला उजवा तळवा लावतं.

४. प्रॉम्प्ट बदला. 'ठाण्यातली मिरवणूक, शेकडो माणसं' हा जुना प्रॉम्प्ट तसाच राहिला तर तळहातात एक छोटी मिरवणूक उगवते. 'लाकडी टिपरू घट्ट धरलेला उजवा हात, हिरव्या बांगड्या' एवढंच लिहा.

५. 'मास्क्ड कंटेंट' ओरिजिनल ठेवा. डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ चेहऱ्याला ०.३५ ते ०.४५, हाताला ०.५ ते ०.६५. आकडा जितका मोठा, तितकं मॉडेल मूळ चित्र विसरतं. ०.२५ ला चुकीचं बोट जसंच्या तसं राहतं, ०.८ ला हात खांद्यापासून तुटलेला येतो.

६. मास्क ब्लर, म्हणजे मास्कची कड किती धूसर ठेवायची तो आकडा, ८ ते १२. त्याहून कमी ठेवलं तर कडेला कापल्याची रेघ दिसते. एका वेळी चार चित्रं काढा, उत्तम निवडा आणि तीच पुढच्या फेरीला घ्या.

एवढं करूनही हात ऐकत नसेल तर खात्रीचा उपाय आधी ओबडधोबड रंगवण्याचा आहे. क्रिटा किंवा गिंप या चित्र रंगवण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये चित्र उघडा, जास्तीच्या बोटावर मागचाच रंग फासा, उरलेली चार बोटं आणि अंगठा जाड रेषेने नीट वेगळे करा. रंगकाम बाळबोध असलं तरी चालतं. मग ०.४ ते ०.५ वर इनपेंट करा. आकार तुम्ही दिलेला असतो, मॉडेल फक्त कातडी आणि उजेड भरतं. याहून पक्कं काम हवं असेल तर कुणाला तरी टिपरू किंवा लाटणं धरायला सांगा, चित्रातल्या कोनातून आणि त्याच बाजूच्या उजेडात मोबाइलने हाताचा फोटो काढा, तो कापून चित्रावर चिकटवा आणि ०.३५ वर इनपेंटची एक फेरी द्या. वीस मिनिटांत होतं आणि बोटं मोजून पाच येतात.

मागच्या रांगेत दहा-बारा चेहरे असतील तर एडिटेलर हा एक्स्टेन्शन (प्रोग्रॅमला जोडायचा भाग) चेहरे आपोआप शोधून प्रत्येकावर हेच काम करतो. मात्र सगळ्यांना एकच प्रॉम्प्ट मिळाल्यामुळे सगळ्या जुळ्या बहिणी दिसू लागतात. म्हणून पुढचे तीन-चार चेहरे हातानेच करा. सगळ्यात मागचे थोडे धूसर केले तरी चालतात, कॅमेऱ्यातही ते तसेच येतात. जीएफपीगॅन किंवा कोडफॉर्मरसारखी चेहरा सुधारणारी साधनं वापरलीत तर त्यांचा जोर अर्ध्यावर ठेवा, नाहीतर रापलेल्या ढोलवाल्याच्या गालावर साबणाच्या जाहिरातीतली कांती येते.

नऊवारी, नथ, गुढी: इथे शब्द पुरत नाहीत

ही चूक दोष म्हणून अनेकांना दिसतच नाही, आणि मराठी माणसासाठी काढलेल्या चित्रात तीच सगळ्यात जास्त खुपते. 'नऊवारी' लिहिलं की मॉडेल समोर निऱ्या आणि खांद्यावर पदर अशी सहावारीच काढतं. काष्ट्याचा पत्ता नसतो. नथीच्या जागी कानापर्यंत साखळी असलेली बाळी येते. मंगळसूत्राच्या वाट्यांचं भलतंच पदक होतं. ढोल पंजाबी होतो आणि हातात वाकडी काठी येते. आपल्याकडे ढोलाच्या एका पानावर टिपरू पडतं आणि दुसऱ्यावर हाताची थाप. ताशा गळ्यातून पोटाशी आडवा लटकतो आणि त्याला दोन बारीक काड्या असतात. गुढीचा तर सरळ झेंडा होतो: कापड उजवीकडे फडफडतंय आणि वर तांब्या सुलटा.

मॉडेलने जे पुरेसं पाहिलेलं नाही ते शब्दांनी मागून मिळत नाही. ते डोळ्यांना दाखवावं लागतं.

नऊवारीसाठी कंट्रोलनेट वापरा, म्हणजे एखाद्या फोटोतली ठेवण मॉडेलला पाळायला लावणारा भाग. ठरलेल्या क्रमाप्रमाणे हे काम हात-चेहऱ्याच्या आधीच करायचं. नऊवारी नेसलेल्या व्यक्तीचा, तिच्या परवानगीने काढलेला, साधारण त्याच ढबीतला फोटो घ्या. त्याचा डेप्थ नकाशा (काय जवळ आणि काय दूर ते दाखवणारा) कंट्रोलनेटला द्या, वजन ०.६ ते ०.८ आणि शेवट ०.७ वर. म्हणजे पहिल्या सत्तर टक्के स्टेप्समध्ये काष्ट्याचा घाट फोटोतून येतो आणि पुढे मॉडेलला कापडाचा पोत भरायला मोकळीक मिळते. वजन १ ठेवलं तर चित्र ताठर होतं. फक्त उभं राहण्याची ढब हवी असेल तर फक्त हातापायांची ठेवण घेणारं ओपनपोज चालतं, पण त्याला कपड्यांतलं काहीच कळत नाही.

नथीसारख्या बारीक वस्तूला इनपेंटिंगच्या वाटेला जाऊच नये. खऱ्या नथीचा पांढऱ्या कागदावर फोटो काढा, कापा, डाव्या नाकपुडीवर बसवा, चेहरा वळला असेल तर थोडी तिरकी करा. खाली वरच्या ओठावर अगदी हलकी सावली द्या. मग तेवढ्या भागावर ०.२ ते ०.२५ डिनॉइझिंग. त्याच्या वर गेलात की मोती विरघळायला लागतात. गुढीचंही हेच: घरच्या गुढीचा फोटो घ्या, ज्यात उलटा तांब्या, रेशमी वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी जागच्या जागी आहेत, आणि तो चित्रात बसवा.

ठिकाणाबाबत तर तडजोडच नको. 'ठाण्याचा तलाव' लिहून मासुंदा तलाव येत नाही, कुठला तरी राजस्थानी घाट येतो. तलावपाळीवर जाऊन मधलं मंदिर फ्रेममध्ये येईल असा फोटो काढा आणि एआयकडून फक्त पुढची माणसं घ्या. जुळवताना तीन गोष्टी बघा: ऊन दोन्हीकडे एकाच बाजूने पडतंय का, क्षितिजाची रेषा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीशी जमते का, पायाखाली सावली आहे का. शेवटी पूर्ण चित्रावर ०.२ ची एक फेरी दिली की फोटोचा आणि एआयचा पोत एकजीव होतो. त्या फेरीत बारीक तपशील थोडे हलतात, म्हणून चेहरे आणि नथ आधीच्या प्रतीतून पुन्हा वर ठेवा.

नवी मुंबईची मागणी बहुधा फ्लेमिंगोंची असते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामुळे नेरुळ-सीवूड्सच्या सोसायट्यांची कॅलेंडरं या पक्ष्यांशिवाय होत नाहीत. इथे हातांची जागा पाय घेतात. थवा दाट असला की पक्षी सात आणि पाय अकरा. पुढे दोन-तीनच पक्षी ठेवा आणि बाकीचा थवा दूर, धूसर. पायाच्या मध्यावरचा सांधा मागे वाकतो, मॉडेल कधीकधी तो माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकवतं. चोच मध्यावर खाली वळते आणि टोक काळं असतं. उडताना पंखांची मागची कड काळी दिसते. पाण्यातल्या प्रतिबिंबात पाय वेगळेच आले असतील तर प्रतिबिंब दुरुस्त करत बसू नका. वरचा पक्षी कापून उलटा करा, खाली ठेवा, आडवा ब्लर द्या.

मोठं करणं

सगळ्या दुरुस्त्या संपल्यावरच. ८३२ × १२१६ चौपट केलं की ३३२८ × ४८६४ होतं. ए३ कागदाला ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, ३५०८ × ४९६१ लागतात. आपलं चित्र त्याहून जरासं लहान, साधारण २८५ डीपीआय पडतं, तरी कडेला थोडं कापूनही छपाई स्वच्छ येते. १२१६ × ८३२ चौपट केलं की ४८६४ × ३३२८, आणि सहा बाय चार फुटी फ्लेक्सला ते साधारण ६७ डीपीआय पडतं. फ्लेक्स लांबून बघतात, तिथे एवढं चालून जातं.

साध्या चौपटीला आर-ईएसआरगॅन ४एक्स+ हा चित्र मोठं करणारा पर्याय पुरतो. जास्त तपशील हवा असेल तर तुकड्या-तुकड्यांनी मोठं करणारं अल्टिमेट एसडी अपस्केल वापरा, पण डिनॉइझिंग ०.२ ते ०.३ च्या आत आणि प्रॉम्प्ट अगदी मोघम. तिथे प्रत्येक तुकड्याला तोच प्रॉम्प्ट मिळतो. 'नथ घातलेली स्त्री' राहून गेलं तर आभाळात आणि भिंतीवर छोटे छोटे चेहरे उमटतात. आभाळात रंगांचे पट्टे दिसत असतील तर चित्रावर दोन-तीन टक्के बारीक ग्रेन (फोटोतल्यासारखे दाणे) टाका, पट्टे मोडतात आणि मेणचट कातडीही जरा जिवंत होते.

अक्षरं

देवनागरी मॉडेलकडून काढून घेऊ नका. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांत कुठे ना कुठे चूक राहतेच, आणि एकदा बरोबर आलं तरी पुढच्या दुरुस्तीत बिघडतं. मागच्या पाट्यांवरची खोटी अक्षरंही इनपेंट करून पाटी कोरी करा. हवं तर त्यावर खरं नाव पाटीच्या तिरकसपणाने बसवा. मजकूर इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये मुक्ता किंवा बलू २ यांसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये लिहा आणि छपाईला देताना अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा. दुकानात श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालत असेल तर युनिकोड मजकूर तसाच चिकटवल्यावर त्याची भलतीच अक्षरं होतात. पाथ करून दिलं की हा प्रश्न उरत नाही.

चॅटमधून चित्र देणाऱ्या साधनांत हे आकडे हाताशी नसतात. तिथे एका वेळी एकच दुरुस्ती सांगा: 'फक्त उजवा हात बदल, बाकी चित्र जसंच्या तसं ठेव.' तरीही ती बऱ्याचदा पूर्ण चित्र नव्याने काढतात आणि चेहरा हळूहळू बदलत जातो. म्हणून सुधारलेला हात नव्या चित्रातून कापा आणि मूळ चित्रावर बसवा.

छपाईला फाइल देताना रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत, करून एकदा बघा, चमकदार निळा आणि पोपटी तिथे मंदावतो. व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मेहनतीने मिळवलेले पिक्सेल वाटेतच गळतात. आणि पूर्ण फ्लेक्स लावण्याआधी हात आणि चेहऱ्याचा एक फुटाचा तुकडा खऱ्या मापात छापून मागा.